भाडेपट्ट्यावरचं तिबेट

हुबळीहून शिरसीकडे निघालेल्या बसमध्ये मरून वस्त्रांतले चार-दोन भिक्खू बसलेले असले, तरी हुबळीकर वळूनही बघत नाही. तडस मागे पडलं की झाडी दाट होत जाते आणि एकूण पन्नासेक किलोमीटरवर मुंडगोड लागतं. तालुका उत्तर कन्नड जिल्ह्यातला, पण मोठी खरेदी असो की रेल्वे, सगळ्यांची धाव हुबळीलाच. गावाबाहेरच्या तिबेटी वसाहतीचं नाव दोएगुलिंग. ते रिक्षावाल्याला सांगायची गरज नाही. 'कॅम्प' म्हटलं की तो फक्त नंबर विचारतो.

17 मार्च 1959 च्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि 31 मार्चला भारताच्या हद्दीत पाऊल ठेवलं. त्यांच्या मागोमाग सुमारे 80 हजार माणसं हिमालय ओलांडून आली. चीनच्या लेखी हा फुटीरतेचा मामला, तिबेटींच्या लेखी घर गेल्याचा. जगाने काय केलं? चिनी सैन्य तिबेटात शिरल्यावर, नोव्हेंबर 1950 मध्येच एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता. ब्रिटनने आणि भारतानेही हात आखडता घेतला, विषय लांबणीवर पडला. 1959 मध्ये आयर्लंड आणि मलायाने आणलेला ठराव 21 ऑक्टोबरला मंजूर झाला. भारत तटस्थ राहिला. 1961 च्या ठरावात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा उल्लेख आला. 1965 च्या ठरावाला मात्र भारताने पाठिंबा दिला. मधे 1962 चं चीनशी युद्ध होऊन गेलं होतं, हे वेगळं सांगायला नको. तिन्ही ठरावांनी ल्हासात काडीचाही फरक पडला नाही. त्या धामधुमीतलं ठोस काम म्हणायचं तर आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाच्या चौकशी समितीचं. तिचे अध्यक्ष होते पुरुषोत्तम त्रिकमदास, समाजवादी चळवळीतले नामवंत वकील. निर्वासितांच्या साक्षी नोंदवून समितीने 1960 मध्ये अहवाल दिला.

माणसं मात्र ठरावांची वाट बघत थांबू शकत नव्हती. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली मदत समिती झाली. आसामात मिसामारीला छावणी पडली, बंगालमधल्या बक्साला दुसरी. बक्सा म्हणजे इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबलेली जागा. तिथे आता मोठमोठ्या मठांचे भिक्खू येऊन राहिले. पठारावरच्या कोरड्या थंडीत वाढलेली माणसं त्या दमट हवेत क्षयाने खंगली. धडधाकट होते ते हिमालयात रस्त्यांसाठी खडी फोडायला गेले.

नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. सर्वांत सढळ हात निघाला म्हैसूर राज्याचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा. 1960 मध्ये बैलकुप्पे, 1966 मध्ये मुंडगोड. मुंडगोडचं सुमारे चार हजार एकर रान मुख्यमंत्री निजलिंगप्पांच्या कारकिर्दीत तिबेट्यांना भाडेपट्ट्याने मिळालं. निजलिंगप्पा हे नाव मराठी माणसाला आठवतं ते सीमाप्रश्नामुळे. ज्या वर्षी महाजन आयोग बसला आणि कारवार-हल्याळसाठी दोन राज्यं हमरीतुमरीवर आली, त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात परदेशातून आलेल्यांना जमीन मोजून दिली जात होती. हा योगायोग मला नेहमी खटकतो, आणि आवडतोही. महाराष्ट्रानेही पुढे 1972 मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगावला वसाहत वसवली, पण तिची आठवण विदर्भाबाहेर फारशी कुणाला नसते.

मुंडगोडचं रान तोडून शेतं करावी लागली. 1969 च्या सुमारास बक्साचे भिक्खू आले. 1409 चा गंदेन आणि 1416 चा द्रेपुंग हे ल्हासाजवळचे मठ मक्याच्या शेतांशेजारी नव्याने उभे राहिले. ज्यांनी जन्मभर न्यायशास्त्राचे वाद घातले होते, त्यांनी आधी नांगर धरला. शेजारी होते सिद्दी आणि घरात मराठी वळणाची बोली बोलणारे धनगर गवळी.

परदेशी पैसा आला, पण तो नुसता वाटला गेला नाही, हे महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने 1969 मध्ये दिल्लीत कचेरी उघडली. त्याआधी वर्षभर कर्नाटकात 'मायराडा' ही संस्था निघाली होती, ती तिबेट्यांच्या पुनर्वसनासाठीच. ते काम आटोपत आल्यावर ती खेड्यापाड्यांतल्या गरिबांकडे वळली, लहान-लहान गट बांधू लागली. 1987 मध्ये नाबार्डने त्या प्रयोगाला अनुदान दिलं आणि 1992 पासून गट बँकांशी जोडले जाऊ लागले. आपल्या गावोगावच्या बचत गटांची एक मुळी अशी तिबेटी छावण्यांपर्यंत पोचते.

कोरडवाहू मक्यावर वर्ष निघत नाही. म्हणून पीक काढलं की कुटुंबं स्वेटर विकायला बाहेर पडतात. माल लुधियानाचा, बहुतेक उधारीवर. व्यापारी ओळखीवर देतात आणि हंगाम संपला की पैसे पोचते होतात. थंडीत शहराशहरांत लागणाऱ्या त्या रांगांत गिऱ्हाईक घासाघीस करायला बघतं आणि दुकानातली बाई शांतपणे स्वेटरची घडी पुन्हा घालते. लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरी परतायचं असतं.

मूळ भांडण मात्र जिथल्या तिथे. 1988 मध्ये स्ट्रासबर्गला दलाई लामांनी स्वातंत्र्याऐवजी स्वायत्ततेवर भागवण्याची तयारी जाहीर केली, 1989 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 2002 ते 2010 दरम्यान त्यांच्या दूतांच्या आणि चीनच्या चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. हाती काही लागलं नाही. जुलै 2024 मध्ये अमेरिकेने वाटाघाटींसाठी कायदा केला. जुलै 2025 मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, दलाई लामांनी आपल्यानंतरही या पदाची परंपरा चालेल असं जाहीर केलं. बीजिंगने लगेच ते अमान्य केलं.

कॅम्पातल्या तरुणांचा प्रश्न याहून जवळचा आहे. त्यांच्याकडे नोंदणीपत्र असतं, ते ठरावीक मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. कायद्याने 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 दरम्यान भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये तिबेट्यांनाही तोच नियम लागू असल्याचं सांगितलं. 2017 मध्ये परराष्ट्र खात्याने पासपोर्टची वाट मोकळी केली, पण अटी घातल्या: नोंदणीपत्र परत करायचं आणि वसाहतीत राहायचं नाही. म्हणजे घर ठेवायचं की पासपोर्ट, एवढाच सवाल तेव्हा उरला. कुणी बंगळूरला जातं, कुणी कॅनडाला. मठांत आता लडाख, अरुणाचल, नेपाळकडची मुलं येतात. घरोघरी म्हातारे उरलेत, आणि बरीचशी जमीन शेजारचे शेतकरी खंडाने कसतात.