यंत्राचे दोन कान

'पुणे मोठे शहर आहे' आणि 'पुणे दोन अक्षरी आहे' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून पाहा. पहिल्या वाक्यातील पुणे म्हणजे नद्या, पूल, पेठा आणि लक्षावधी माणसे असलेले गाव. दुसऱ्या वाक्यातील पुणे म्हणजे कागदावर उमटलेला नुसता शब्द. गाव दोन अक्षरी असू शकत नाही आणि शब्दाला पेठा नसतात. तरीही ऐकताना आपला गोंधळ उडत नाही, कारण बोलणाऱ्याचा रोख आपण जाणतो. लिहिताना मात्र आपण सावध होतो आणि दुसऱ्या वाक्यातील पुण्याला अवतरणचिन्हांत बसवतो.

संगणकाला असा रोख कळत नाही. आपण कळफलकावर काही अक्षरे टंकली, की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : या अक्षरांचा अर्थ घ्यायचा, की अक्षरे जशीच्या तशी ठेवून द्यायची? या प्रश्नाचे मोठे सुबक उत्तर ए. पी. एल. नावाच्या भाषेत सापडते.

ही भाषा केनेथ आयव्हर्सन या गणितज्ञाने रचली. त्याचा जन्म कॅनडातील आल्बर्टा प्रांतात १९२० साली झाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकवीत असताना त्याने गणनाच्या रीती नेमकेपणाने मांडता याव्यात म्हणून एक नवी चिन्हलिपी तयार केली. म्हणजे ही भाषा आधी फळ्यावर आणि कागदावर नांदली. यंत्रात ती नंतर शिरली. १९६२ साली त्याचे 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक निघाले आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरून भाषेला ए. पी. एल. म्हणू लागले. १९६६ साली ती आय. बी. एम. या कंपनीच्या संगणकावर वापरात आली. पुढे १९७९ साली आयव्हर्सनला संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

या भाषेचा विशेष असा, की ती एकेका संख्येऐवजी संख्यांच्या संपूर्ण रांगेशी एकदम व्यवहार करते. अशा रांगेला 'ॲरे' म्हणतात. चार मुलांचे गुण १२ १५ ९ २० असे ओळीने लिहिले आणि त्यांच्यापुढे +/ ही दोन चिन्हे मांडली, की बेरीज ५६ तत्काळ मिळते. (यंत्रावर हे आकडे आंतरराष्ट्रीय अंकांतच टंकावे लागतात, येथे ते वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहेत.)

आता ही रांग माणसाकडून मागून घ्यायची असेल तर काय करावे? त्यासाठी ए. पी. एल. मध्ये ⎕ अशी रिकामी चौकट आहे. तिला 'क्वाड' म्हणतात. कार्यक्रम वाचत वाचत यंत्र या चौकटीपाशी आले, की ते थांबते, ⎕: अशी खूण उमटवते, पुढच्या ओळीवर सहा जागा सोडते आणि आपली वाट पाहू लागते. या खुणेला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. नाटकात नट अडखळला, की विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर त्याला पुढचा शब्द सुचवतो, हे तुम्ही ऐकले असेल. येथे यंत्र शब्द सुचवीत नाही. 'आता पाळी तुमची' एवढेच सांगते.

आपण जे टंकू त्याचा क्वाड अर्थ घेतो. १२ १५ ९ २० टंकले, तर त्याला चार संख्यांची रांग मिळते. ३+४ टंकले, तर कार्यक्रमाच्या हाती ७ पडतात. ३×४+५ टंकले, तर मात्र २७ येतात. चकित होऊ नका! या भाषेत गुणाकाराला बेरजेपेक्षा अधिक मान नाही. प्रत्येक चिन्ह आपल्या उजवीकडचे सगळे आधी पुरे होऊ देते. म्हणून प्रथम ४+५ होतात. चिन्हांची संख्या फार मोठी असल्यामुळे कोणाचा मान कितवा हे पाठ करण्यापेक्षा सर्वांना एकच नियम बरा, असे आयव्हर्सनने ठरवले. मला ते पटते. पण जुनी सवय मोडताना पहिले काही दिवस चुका होतात, हेही खरे.

येथवर सर्व सुरळीत आहे. अडचण येते ती नाव विचारताना. समजा, कार्यक्रमाने क्वाडमधून नाव विचारले आणि एका मुलीने रोमन लिपीत 'सुमन' एवढेच टंकले. यंत्र अर्थ घेऊ पाहते. सुमन या नावाखाली आपल्याजवळ काही साठवले आहे काय, म्हणून ते शोध घेते; काही सापडत नाही, तेव्हा 'व्हॅल्यू एरर' अशी तक्रार करते. म्हणजे या नावाला काही मूल्यच नाही! सुमनला याचे वाईट वाटेल. पण ही चूक निदान ओरडून सांगणारी आहे. दुसरी चूक अधिक वाईट. कार्यक्रम लिहिणाऱ्याने गुणांच्या रांगेला हौसेने 'माला' असे नाव दिलेले असावे आणि उत्तर देणाऱ्या मुलीचे नावही माला असावे. ती आपले नाव टंकते. यंत्र मुळीच कुरकुरत नाही. त्याला माला या नावाचा अर्थ ठाऊक आहे : १२ १५ ९ २०. तोच ते मुलीच्या नावाच्या जागी निमूटपणे ठेवून देते आणि पुढे चालू लागते.

सुमनने किंवा मालाने आपले नाव अवतरणचिन्हांत टंकले असते, तर काम भागले असते. परंतु स्वतःचे नाव सांगताना अवतरणचिन्हे घालावीत, असे कोणा परक्या माणसाला कसे सुचावे? म्हणून भाषेत दुसरी चौकट ठेवली आहे : ⍞. हिचे नाव 'क्वोट-क्वाड'. नीट पाहा, चौकटीच्या पोटात अवतरणचिन्ह बसले आहे. त्या काळच्या टंकयंत्रावर प्रथम चौकट उमटवून, एक घर मागे येऊन, तिच्यावरच अवतरणचिन्ह उमटवीत. त्यातून ही आकृती तयार होई. हा कान अर्थाकडे लक्ष देत नाही. ३+४ टंकले, तर याच्या हाती ७ येत नाहीत. तीन, अधिक आणि चार अशी तीन चिन्हे येतात. सुमन ही सुमनच राहते आणि माला ही मालाच राहते.

क्वोट-क्वाड आपण होऊन कोणतीही खूण उमटवीत नाही. प्रश्न काय विचारायचा, हे कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. त्यासाठी तो ⍞← असे लिहून त्यापुढे आपला प्रश्न मांडतो. प्रश्न उमटतो, ओळ बदलत नाही आणि उत्तर त्याच ओळीवर, प्रश्नाला लागून टंकले जाते. डायलॉग नावाच्या आजच्या ए. पी. एल. मध्ये याचा एक गमतीदार परिणाम दिसतो. 'गाव? ' असा प्रश्न केला आणि कोणी 'पुणे' असे उत्तर दिले, तर कार्यक्रमाच्या हाती 'पुणे' येत नाही, 'गाव? पुणे' अशी अख्खी ओळ येते! या भाषेचे पहिले वापरकर्ते पडद्यासमोर नव्हे, तर कागदाची गुंडाळी लावलेल्या विजेच्या टंकयंत्रासमोर बसत. कागदावर प्रश्न आणि उत्तर मिळून एकच ओळ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही रीत तितकीशी विचित्र वाटत नाही.

मग प्रश्नाची अक्षरे मोजून तेवढी ओळीच्या आरंभापासून गाळावी लागतात. त्यासाठी ↓ हे चिन्ह आहे. 'गाव? ' यात चिन्हे पाच : ग, काना, व, प्रश्नचिन्ह आणि शेवटची मोकळी जागा. संगणक काना आणि मात्रा वेगळ्या मोजतो; त्यामुळे त्याच्या हिशेबी 'पुणे' दोन अक्षरी नसून चार चिन्हांचे आहे. एकूण नऊ. त्यांतील पहिली पाच गाळली, की 'पुणे' शिल्लक राहते.

तर मग गुण विचारायला क्वाड आणि नाव विचारायला क्वोट-क्वाड, अशी वाटणी करावी काय? घरच्या घरी तसे चालते. पण क्वाडपुढे बसलेला माणूस केवळ संख्याच देईल, असा भरवसा नाही. तो एखादी आज्ञा टंकील आणि क्वाड तीही इमानाने पाळील. साठवलेले गुण मग बदलून जातील. यासाठी जाणते लोक परक्यांकडून सर्व काही क्वोट-क्वाडनेच घेतात आणि मागाहून तपासतात. डायलॉगमध्ये त्याकरिता ⎕ च्या पुढे व्ही, एफ, आय ही अक्षरे लिहून बनलेले एक साधन आहे. '१२ पंधरा ९' अशी अक्षरे त्याला दिली, तर ते दोन रांगा परत देते : १ ० १ आणि १२ ० ९. पहिली रांग सांगते, की मधला शब्द संख्या नव्हे. दुसरीत ज्या संख्या ओळखता आल्या त्या असतात.

एक पेच राहिलाच. क्वोट-क्वाड प्रत्येक गोष्ट नुसती अक्षरे म्हणून घेतो, तर 'मला येथून सुटू दे' हे त्याला सांगायचे कसे? क्वाडपुढे नुसता → हा बाण टंकला, की सुटका होते. क्वोट-क्वाडपुढे बाणही एक अक्षरच ठरणार. तेव्हा जुन्या ए. पी. एल. मध्ये अशी युक्ती होती : रोमन ओ टंकायचा, एक घर मागे यायचे, त्याच जागी यू टंकायचा, पुन्हा मागे येऊन टी टंकायचा. ओ, यू, टी म्हणजे इंग्रजीत 'बाहेर'. कागदावर शाईचा एक काळा गिचमिड ठिपका उठे. असला ठिपका कोणाच्याही नावात वा गावात सापडणे शक्य नव्हते; म्हणून तेवढा एकच शब्द क्वोट-क्वाड अर्थासह ऐकत असे.