गिरणगावासाठी अडवलेले पाणी आणि सुटीचा काठ

लोअर परळ, लालबाग, दादरच्या मनोऱ्यांतून शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्या मोटारी एक्स्प्रेस वेने लोणावळा गाठतात आणि मावळ-मुळशीत तलावाकाठच्या एखाद्या रिसॉर्टसमोर थांबतात. समोर विस्तीर्ण पाणी, मागे सह्याद्रीची रांग असे हे दृश्य पाहून तलाव निसर्गदत्त असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी हे सारे तलाव धरणांचे आहेत. आज जेथे मनोरे उभे आहेत, तेथील कापडगिरण्यांना वीज मिळावी हा ते बांधण्यामागील प्रमुख हेतू होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत आणि कोळसा दुरून आणावा लागे. घाटमाथ्यावर मात्र चार महिने धो धो पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे भीमा खोऱ्यात जाणारे पाणी अडवायचे, बोगदे व नळांतून पश्चिमेला वळवायचे आणि पाचशे मीटरहून अधिक खाली कोकणात सोडून त्यावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना होती. त्यासाठी १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि सुमारे ७० किलोमीटरच्या तारांतून वीज परळला पोहोचली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. (ताडदेवजवळच्या विलिंग्डन क्लबाला नाव आहे ते याच गव्हर्नरांचे. शहर न सोडता गोल्फ खेळण्याची सोय दक्षिण मुंबईत शंभर वर्षांपासून आहे, अर्थात सभासदांसाठी!)

भिऱ्याच्या विजेची किंमत मुळशी खोऱ्याने मोजली. आंबेमोहोराची भातखाचरे आणि पन्नासच्या आसपास गावे धरणाखाली जाणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि धरण पूर्ण झाले. याच मावळ-मुळशीतले कित्येक जण मुंबईत गिरणी कामगार झाले, कित्येकांनी डबेवाल्यांचा व्यवसाय धरला.

तलावाचे हे मूळ पाहुण्यानेही ध्यानात ठेवलेले बरे. वीजनिर्मितीसाठी पाणी सतत खाली सोडले जाते. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेला तलाव एप्रिल-मेमध्ये बराच मागे हटतो आणि 'तलावदर्शनी' खोलीसमोर भेगाळलेला गाळ येतो. दर बहुधा तेच राहतात.

गोल्फचे गणित आणखी अवघड आहे. अठरा होल्सच्या मैदानाला साधारण ५० हेक्टर किंवा त्याहून अधिक जमीन लागते आणि त्यातील बऱ्याच भागावर बारमाही हिरवळ राखावी लागते. घाटमाथ्यावरील गवत पाऊस सरल्यावर दोन-तीन महिन्यांत पिवळे पडते. म्हणजे ऐन हंगामात मैदान हिरवे ठेवायचे तर रोज पाणी हवे, आणि ते साठवलेलेच असणार. मुळशी तालुक्यातील आंबवणे परिसरात सहारा समूहाने 'ॲम्बी व्हॅली' उभारली, तेव्हा तिच्यात गोल्फचे मैदान होते आणि मानवनिर्मित तलावही होते. समूहाच्या गुंतवणूकदारांच्या पैशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही मालमत्ता जप्त करण्याचा आदेश दिला. वरसगाव धरणाकाठच्या 'लवासा'चे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने २०१० मध्ये थांबले. २०१८ मध्ये तिची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वरसगावचे पाणी पुण्याला पिण्यासाठी लागते, हेही विसरता येत नाही.

गिरण्या तर केव्हाच थांबल्या. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगाव सावरले नाही. जनित्रे मात्र सुरू आहेत, कारण मागणी वाढताच काही मिनिटांत वीज देण्याची सोय अशा केंद्रांत असते. दुसरीकडे, कोकणात वळवलेले हे पाणी पुन्हा भीमा खोऱ्याला द्यावे, ही पुणे-सोलापूरकडील मागणी जोर धरत आहे. ती मान्य झाली, तर मुळशीचा काठ उन्हाळ्यात किती मागे हटणार, हे भिऱ्याच्या जनित्रांऐवजी उजनीकडच्या गरजेवरून ठरू लागेल.