डोंगराने वारा मोडला, पाऊस वाढवला

तैवानच्या मधोमध दक्षिणोत्तर डोंगररांगा उभ्या आहेत. तीन हजार मीटरपेक्षा उंच अशी दोनशेहून अधिक शिखरे त्यांच्यात आहेत. युशान तर 3,952 मीटर. पॅसिफिकवरून आलेले टायफून या भिंतीवर आदळले की जमिनीलगतचे त्यांचे चक्र विस्कटते, वाटही वाकडी होते. समुद्राची वाफ हेच वादळाचे इंधन. ते तुटले की वाऱ्याचा जोर ओसरतो.

पावसाचे गणित मात्र उलटे आहे. ऑगस्ट 2009 मधला ‘मोराकोट’ टायफून वाऱ्याच्या मापाने मध्यमच होता. पण तो रेंगाळला आणि त्याच्या फिरत्या वाऱ्यांनी नैर्ऋत्य मोसमी प्रवाहातली वाफ दक्षिण चीन समुद्रावरून ओढून आणली. ही ओली हवा पश्चिम उतारावर चढत, थंड होत राहिली आणि तिथेच रिती झाली. अलिशानला 48 तासांत 2,300 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता, हे आठवले की अंदाज येईल.

वादळाचे केंद्र बेटाच्या उत्तर भागातून गेले. सर्वांत मोठा घात झाला तो दक्षिणेत. 9 ऑगस्टच्या सकाळी डोंगरकडा कोसळून शियाओलिन गाव गाडले गेले. चारशेहून अधिक माणसे गेली. म्हणून डोंगराळ मुलखात वादळाचा इशारा ऐकताना केवळ वाऱ्याच्या वेगावर विसंबू नये. वाफ कुठून येते आणि कोणत्या उतारावर चढते, तेही पाहावे.