आसारी का चेपते?

गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या घरी दोन आसाऱ्या तयार झाल्या. (आसारी म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी. विदर्भात हिला चक्री म्हणतात.) एक बांबूच्या कामट्यांची, दुसरी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत दांडा घालून केलेली. कामट्यांच्या आसारीला दोन दिवस लागले, बाटलीच्या आसारीला दहा मिनिटं. तेव्हा मुलांची पसंती कुणाला, हे सांगायला नको.

गच्चीवर एक कटलेला पतंग येऊन पडला. त्याचा लांबलचक दोरा मुलांनी बाटलीवर चांगला ताणून, घट्ट गुंडाळला. सकाळी पाहतो तर बाटली मधोमध चेपून तिचा डमरू झालेला. कुणीतरी पाय दिला असणार, असं म्हणून आम्ही मुलांना रागावलो. पण बाटलीवर पाय पडलाच नव्हता. तिला चेपवलं होतं ते दोऱ्याने.

एक वेढा डोळ्यांसमोर आणा. आसारी उभी मधोमध कापली अशी कल्पना केली, तर हा वेढा त्या कापाला दोन ठिकाणी ओलांडतो, आणि दोन्ही ठिकाणी तो आसारीचे अर्धे भाग एकमेकांकडे ओढतो. म्हणजे दोऱ्यातल्या ताणाच्या दुप्पट बल. गुंडाळताना ताण १०० ग्रॅम वजनाइतका असेल, तर एका वेढ्याचे २०० ग्रॅम. ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण वेढे ३०० असले तर हिशोब ६० किलोवर जातो! एक धष्टपुष्ट माणूस बाटलीवर उभा राहावा, तसं हे झालं.

प्रत्यक्षात दाब इतका होत नाही. वरच्या वेढ्यांनी आसारी किंचित आवळली गेली, की तिचा घेर कमी होतो आणि आतले वेढे सैलावतात. किती सैलावतात, हे मात्र दोरा कशाचा आहे यावर ठरतं. खरी मेख इथेच आहे. समजा, दोरा गुंडाळताना शेकडा १ इतकाच ताणला गेला होता. आसारीचा घेर शेकडा १ ने कमी झाला, तर त्या दोऱ्यातला ताण संपलाच. तोच दोरा शेकडा १० ताणला गेला असेल, तर एवढ्याच आकुंचनाने त्याचा जेमतेम दहावा हिस्सा ताण जाईल, बाकीचा दोरा आवळतच राहील. सुती दोरा कमी ताणला जातो, नायलॉन पुष्कळ. गच्चीवर आलेला दोरा नायलॉनचा होता. त्यात प्लॅस्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू आकार सोडतं, म्हणून संध्याकाळी ठीक दिसलेली बाटली सकाळी चेपलेली आढळली.

हे वर्गात दाखवणं सोपं आहे. स्टीलच्या पेल्याला बाहेरून एक पेन्सिल उभी लावून, दोन्हींभोवती सुती दोऱ्याचे दहा-बारा घट्ट वेढे घ्या आणि पेन्सिल ओढून काढा. वेढे ढिले होऊन घसरतील. आता दोऱ्याऐवजी बारीक इलॅस्टिक घेऊन तेच करा. पेन्सिल निघाली तरी वेढे पेल्याला घट्ट धरून राहतील.

आसारी करायची ती अशी. प्लायवूडच्या ८ सेंटिमीटर व्यासाच्या तीन चकत्या दांड्यावर पक्क्या बसवा, दोन टोकांना आणि एक मधे. मधली चकती विसरू नका, कामट्या आत वाकतात त्या तिथेच. काठावर आठ खाचा पाडून त्यांत कामट्या दोऱ्याने बांधा. बाहेरून दोन मोठ्या चकत्या लावल्या की मांजा घसरत नाही. दांडा दोन्हीकडे वीतभर बाहेर हवा, कारण तो धरणाऱ्याच्या हातात फिरला पाहिजे. हिचा घेर साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे ३०० मीटर दोऱ्याला १२०० वेढे. घेर वाढवून वेढे कमी करता येतील, पण मोठी, जड आसारी फिरू लागली की लवकर थांबत नाही. पतंगाची ओढ थांबते, ही फिरतच राहते, आणि पुढे गुंता!

दांडा फिरता का हवा? आसारी स्थिर ठेवून दोरा तिच्या टोकावरून ओढला, तर प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याला एक पीळ बसतो. बाटलीवर रिबीन गुंडाळून ती बुचाच्या बाजूने ओढून पाहा, पीळ मोजता येतात.

पतंग उतरवताना मुरलेली मुलं दोरा हाताने खेचून आधी जमिनीवर पाडतात आणि मग सावकाश गुंडाळतात. पतंगाची सारी ओढ आसारीवर न चढवण्याची ही युक्ती त्यांना कुणी गणित मांडून शिकवलेली नसते.

राहता राहिला तो नायलॉनचा दोरा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो असा आकाशातून घरी येतो. झाडावर अडकला तर कुजत नाही, आणि त्यात सापडलेल्या पाखराला तुटतही नाही. आम्ही तो बाटलीवरच कात्रीने उभा कापला, मग त्याचे बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाकले. पहिले वेढे कापले गेले तेव्हा बाटलीने टक्कन आवाज केला, आणि डमरूची कंबर थोडी बाहेर आली.