पट पुन्हा मांडला

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ आहे. मध्ये एक पट, पटावर चौसष्ट घरे. इकडे सोळा सोंगट्या, तिकडे सोळा. याला मैदान लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. देवळाची ओसरी असो, पाराचा कट्टा असो, वाचनालयाची पडवी असो, दोन माणसे बसली की डाव सुरू होतो. गरीब-श्रीमंत, शिकलेला-न शिकलेला हा भेद पटावर चालत नाही. प्यादे नीट पुढे सरकले तर त्याचाही वजीर होतो.

आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत बुद्धिबळाचे एक मंडळ आहे. खोली लहान. खिडकी एकच. संध्याकाळी आठ-दहा पट मांडले की बसायला जागा उरत नसे. कोणी खेळे, कोणी नुसते बघे. मार्च २०२० मध्ये हे सारे एकाएकी थांबले. का थांबले, पुन्हा कसे सुरू झाले आणि सुरू करताना आमचे काय चुकले, ते या पाठात सांगायचे आहे.

साथ कशी पसरली

कोरोनाचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. रोगी बोलतो, खोकतो, शिंकतो, तेव्हा तोंडा-नाकातून बारीक तुषार उडतात. त्यांच्यातून विषाणू हवेत येतो आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातो. उघड्या मैदानावर वारा त्याला उधळून लावतो. बंद खोलीत मात्र तो साचून राहतो.

आता बुद्धिबळाची बैठक डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या मध्ये हातभर अंतर. माना खाली, तोंडे समोरासमोर. एक डाव दोन-दोन, तीन-तीन तास चालतो. एकाने हलवलेली सोंगटी दुसरा मारतो आणि हातात घेतो. खेळ शांत, पण साथीच्या दिवसांत धोक्याचा.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची जगभर साथ असल्याचे जाहीर केले. २५ मार्चपासून आपल्या देशात सगळीकडे टाळेबंदी झाली. शाळा, देवळे, बाजार, गाड्या बंद झाल्या. आमच्या खोलीलाही कुलूप लागले.

मोठ्यांचे डावही अडले

अडचण फक्त आमचीच नव्हती. त्याच महिन्यात रशियातील येकातेरिनबर्ग शहरात एक मोठी स्पर्धा चालू होती. जगज्जेत्याला आव्हान कोणी द्यायचे, ते तिथे ठरणार होते. खेळाडू आठ. त्यांतील अझरबैजानचे रादजाबोव यांनी आधीच विनंती केली होती की, साथ वाढते आहे, स्पर्धा पुढे ढकला. ती कोणी मानली नाही. त्यांनी नाव मागे घेतले व त्यांची जागा दुसऱ्याला मिळाली. पुढे काय झाले? सात फेऱ्या झाल्या आणि २६ मार्चला स्पर्धा थांबवावी लागली, कारण रशिया परदेशची विमाने बंद करणार होता. उरलेल्या सात फेऱ्या एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे वर्षभराने झाल्या. रादजाबोव यांना पुढल्या, म्हणजे २०२२ च्या स्पर्धेत जागा देण्यात आली. आपले चुकले तर ते सुधारावे, एवढे तरी यातून शिकता येते.

दरम्यान लोक मोबाइलवर आणि संगणकावर खेळू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये देशादेशांची ऑलिंपियाड स्पर्धा अशीच घरबसल्या झाली. भारताच्या संघाचे कप्तान नाशिकचे विदित गुजराथी होते. नागपूरची दिव्या देशमुख संघात होती, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. अंतिम सामन्यात इंटरनेट बंद पडले आणि आपल्या दोघा खेळाडूंचे डाव वेळ संपून गेले. तक्रार केल्यावर भारत आणि रशिया या दोघांनाही विजेते ठरवण्यात आले.

ज्यांच्याकडे यंत्र होते, त्यांचे असे भागले. आमच्या मंडळात निम्म्या लोकांकडे साधा फोनच होता. त्यांचा खेळ सुटला तो सुटलाच. मंडळातले तीन सोबती तर या साथीत कायमचे गेले. त्यांच्या तिरडीलाही आम्हांला खांदा देता आला नाही.

लस काय करते

१६ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात लस टोचायला सुरुवात झाली. आधी दवाखान्यातील लोक, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे आणि १ मेपासून अठराच्या पुढचे सर्व. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात लसीच्या १०० कोटी मात्रा टोचून झाल्या.

लस म्हणजे काय? रोगाची ओळख शरीराला आधीच करून द्यायची. मग खरा रोग आला की शरीर बेसावध सापडत नाही. बुद्धिबळात आपण राजाला किल्लेकोट करून कोपऱ्यात नेतो. किल्लेकोट केला म्हणजे राजाला शह लागतच नाही, असे नाही. पण मात करणे अवघड होते. लसीचेही तसेच आहे. लस घेऊनही पुष्कळांना कोरोना झाला. पण जीवघेणा आजार आणि मृत्यू यांचे भय मात्र खूप कमी झाले. शह लागला, पण मात टळली.

दारावरचा कागद

साथ थोडी ओसरली, तसे व्यवहार पुन्हा सुरू झाले. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलने प्रवास करता येऊ लागला. ४ ऑक्टोबरला शाळा सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळे उघडली. २२ ऑक्टोबरला नाटक-सिनेमाची थिएटरे उघडली. नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारने नियम काढला की, सार्वजनिक कार्यक्रमांना दोन्ही मात्रा घेतलेल्यांनीच यावे. अठराच्या आतील मुले आणि आजारामुळे लस न चालणारे यांना त्यातून सूट होती. बंद सभागृहात निम्मीच माणसे घ्यायची होती.

आमचे मंडळ देवळांबरोबरच उघडले. आम्ही दोन खिडक्या नव्या पाडल्या. दहाऐवजी पाच पट मांडले. आणि दारावर एक कागद चिकटवला : ‘लसीचे दोन डोस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखविल्याशिवाय आत प्रवेश नाही.’ कागद आम्हीच लिहिला होता. अक्षर वळणदार होते. आपले काम झाले, असे आम्हांला वाटले.

पहिल्याच संध्याकाळी आमचे एक जुने गडी आले. ते गवंडीकाम करतात. त्यांच्या घोड्याच्या चालीला सगळे भितात. दारात मंडळाचे चिटणीस उभे होते.

“सर्टिफिकेट?”

“ते काय असतं?”

“बाहेर लिहिलंय की. वाचा.”

गवंडीदादा कागदापाशी उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, दीड वर्षानं आलोय. मी काय चोर आहे?” आणि निघून गेले.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. चाळीस वर्षे आम्ही मुलांना वाचायला शिकवले. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दारावर कागद लावून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. आम्हांला वाटले होते की, हा माणूस हट्टाने लस घेत नाही. तसे नव्हते. लस घेतली की ताप येतो, हे त्यांनी ऐकले होते. ताप आला की दोन दिवसांची मजुरी बुडणार. नाव नोंदवायला मोबाइल लागतो, तो मुलाकडे, आणि मुलगा पुण्याला. फोनवर आलेला आकडा वाचून सांगावा लागतो, तो वाचणार कोण? शिवाय कोणी तरी सांगितले होते की, लस घेतल्यावर अंगातली ताकद जाते.

आम्ही त्यांना एकेक गोष्ट सांगितली. आधी नाव नोंदवणे जरुरीचे नाही, सरकारी केंद्रावर गेल्यावरही नोंद होते. एका मोबाइलवर चौघांची नावे चालतात, आमचा फोन आहेच. ताप आला तर एक-दोन दिवसांत उतरतो. ताकद जात नाही. “तुम्ही घेतली का?” त्यांनी विचारले. “दोन्ही घेतल्या,” आम्ही सांगितले. “मग येतो,” ते म्हणाले.

शनिवारी आम्ही दोघे आरोग्य केंद्रात गेलो. दुसरा दिवस सुट्टीचा होता. पण पहिल्या मात्रेनंतर कोविशील्डच्या दुसऱ्या मात्रेपर्यंत ८४ दिवस थांबायचे होते. तोपर्यंत काय? आम्ही पडवीत, उघड्या हवेत एक पट मांडला. तोंडाला मास्क लावून गवंडीदादा तिथे खेळू लागले. बघायला बाहेरच जास्त गर्दी होऊ लागली!

न पटलेला माणूस

दुसरे एक सभासद होते. चांगले शिकलेले. त्यांना लस घ्यायचीच नव्हती. आम्ही समजावले, डॉक्टरांनी समजावले. ते म्हणाले, “शरीर माझे आहे.” मंडळात कोणी तरी त्यांना ‘स्वार्थी’ म्हटले. त्यांनी येणे बंद केले. नियम पाळला गेला, पण तीस वर्षांची मैत्री तुटायला आली.

यात खरे कोणाचे? विचार केला तर दोघांचेही थोडे थोडे. आपल्या शरीराचे काय करायचे ते आपण ठरवावे, हे खरे. आपल्यामुळे शेजाऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये, हेही खरे.

महाराष्ट्राने हा प्रश्न पूर्वीही पाहिला आहे. १८९७ साली प्लेगची साथ होती. मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःच्याच अंगाला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांच्या नावाने चालते. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर लोकांच्या घरांत घुसले. लोक संतापले, आणि प्लेग अधिकारी रँड याचा खून झाला. साथ एकच, पण वागण्याच्या रीती दोन. एकाने आधी आपले अंग पुढे केले. दुसऱ्याने लोकांच्या अंगावर माणसे घातली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी या बाबतीत निकाल दिला. कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. मात्र साथीत सर्वांच्या हितासाठी सरकार वाजवी बंधने घालू शकते. त्या वेळी रोगी कमी झाले होते, आणि लस घेतलेला मनुष्यही रोग पसरवू शकतो, असे दिसून आले होते. म्हणून लस न घेतलेल्यांना सार्वजनिक जागी अडवणे योग्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे बंधन हे औषधासारखे आहे. दुखणे असेल तोवर घ्यावे. दुखणे गेले की बाटली फेकून द्यावी.

पुन्हा समोरासमोर

जानेवारी २०२२ मध्ये साथ पुन्हा उसळली. दार परत लावावे लागले. फेब्रुवारीत उघडले, तेव्हा गवंडीदादा प्रमाणपत्राची घडी खिशात घालून आत आले. ती कोणी मागितलीच नाही. २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातील सर्व निर्बंध उठले. आम्ही दारावरचा कागद काढला आणि त्या रुसलेल्या सोबत्याकडे गेलो. ‘स्वार्थी’ म्हणणारे गृहस्थही बरोबर होते. त्यांनी फार बोलणे केले नाही. पट काखेत नेला होता, तो त्यांच्या ओसरीवर मांडला आणि म्हणाले, “पांढरी तुमची.” क्षणभर कोणी हलले नाही. मग त्यांनी राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले.

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये चेन्नईजवळ मामल्लपुरम येथे जगभरचे खेळाडू ऑलिंपियाडसाठी जमले आणि समोरासमोर बसून खेळले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आणीबाणी संपल्याचे सांगितले.

साथ पुन्हा कधी येईल, कोण सांगणार? आली तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. खिडक्या उघडा. लसीबद्दल ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, आरोग्य केंद्रात विचारा. कोणी नियम पाळत नसेल तर आधी त्याच्या घरी जा, त्याची अडचण विचारा. आणि दारावर कागद लावलात, तर तो वाचून दाखवायला एक माणूसही उभा करा.

पाचवी गोष्ट गवंडीदादांची. ते आता आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. परवा त्यांनी वाचनालयावरची पाटी स्वतः वाचली. मग आम्हांला म्हणाले, “मास्तर, आता कागद लावा, मी वाचीन. पण मला अडवू नका.”