दोन टॅब, एक बीन: अर्जांची सरमिसळ का होते?

समजा, चामोर्शीतल्या एका सेवा केंद्रात धान विक्रीची नोंदणी चालू आहे. अर्ज तीन पानांचा: शेतकरी, सातबारा, बँक खातं. गर्दी पाहून ऑपरेटरने एकाच ब्राउझरमध्ये दोन शेतकऱ्यांसाठी दोन टॅब उघडले. शेवटी एकाच्या सातबाऱ्यापुढे दुसऱ्याचं खातं सेव्ह झालं! अशा वेळी आधी बॅकिंग बीनचा स्कोप तपासा.

जावा सर्व्हर फेसेसमध्ये पानावरची माहिती धरून ठेवणारा ऑब्जेक्ट म्हणजे बॅकिंग बीन. क्लासवर ‘@नेम्ड’ लिहिलं की पानं त्याला नावाने ओळखतात. वेगळं नाव दिलं नाही, तर क्लासचंच नाव लागतं. फक्त पहिलं अक्षर स्मॉल होतं. नाव पानावरून नको, कामावरून ठेवा. ‘पानएकबीन’पेक्षा ‘नोंदणीबीन’ तिन्ही पानांना शोभतं.

पण नाव एक म्हणजे ऑब्जेक्टही एकच, असं नाही. ते स्कोप ठरवतो:

- रिक्वेस्ट: दर विनंतीला नवा बीन.
- व्ह्यू: त्याच पानावर असेपर्यंत.
- सेशन: सगळ्या पानांना एकच, पण सगळ्या टॅबनाही तोच! घोळ इथेच होतो.
- कॉन्व्हर्सेशन: पहिल्या पानावर ‘बिगिन’, शेवटी ‘एंड’. प्रत्येक अर्जाला वेगळा आयडी, म्हणून वेगळा बीन. साध्या लिंकने पुढे जाताना हा आयडी सोबत पाठवा.

थोडक्यात, लॉगिन सेशनमध्ये, अर्ज कॉन्व्हर्सेशनमध्ये.

जुन्या कोडमध्ये ‘@मॅनेज्डबीन’ दिसेल. 2022 च्या जकार्ता फेसेस 4.0 मधून ते काढून टाकलंय. नवीन कामात ‘@नेम्ड’च वापरा.