गेम पुन्हा टाकता येतो, सेव्ह नाही

डिंभ्याला आमच्या घरात एकच कॉम्प्युटर आहे. दिवसा त्यावर ऑनलाइन फॉर्म भरले जातात, रात्री पोरं गेम खेळतात. गेल्या पावसाळ्यात तो फारच स्लो झाला, म्हणून आम्ही दुरुस्तीला दिला आणि वर बजावून सांगितलं, "सगळं साफ करून द्या." त्याने फॉरमॅट मारून दिला. मशीन पळायला लागलं, आम्ही खूश. संध्याकाळी भाच्याने माइनक्राफ्ट उघडला आणि गप्पच बसला.

दोन वर्षं त्याने त्या गेममध्ये जुनं आंबेगाव बांधलं होतं. ज्या गावाच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. नाना आठवून सांगायचे आणि पोरगा ठोकळे रचायचा. विहीर इथे, बाजाराची गल्ली तिथे. नाना आता नाहीत. "गेमच तर होता," असं आम्ही बोलून गेलो, तर म्हणाला, "मामू, गेम पुन्हा डाउनलोड होईल. गाव कसं होईल?"

तेव्हा कुठे आम्ही हा विषय समजून घेतला. गेम वेगळा आणि सेव्ह वेगळं. गेम हजारो लोकांकडे सारखाच असतो, सेव्ह मात्र जगात फक्त आपल्याच मशीनवर असतं. बरेच जण गेम डी ड्राइव्हवर टाकतात आणि निर्धास्त होतात. पण सेव्ह बहुतेक वेळा सी ड्राइव्हवरच, युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. फॉरमॅटमध्ये पहिला उडतो तो सीच.

जीटीए सॅन अँड्रियासचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये 'युजर फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतात, एकूण 8 स्लॉट. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचं जग 'ॲपडेटा'मध्ये असतं आणि हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायचं, इंग्रजीत ॲपडेटा हा शब्द मागेपुढे टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करायचा आणि एंटर. समोर माइनक्राफ्टचं फोल्डर दिसेल, त्यात 'सेव्हज'. प्रत्येक जग म्हणजे एक अख्खं फोल्डर. त्यातली एखादी फाइल नाही, पूर्ण फोल्डरच पेनड्राइव्हवर घ्यायचं, आणि तेही गेम बंद करून. चालू गेमची कॉपी अर्धवट निघू शकते.

गेममध्येच 'बॅकअप' घ्यायची सोय आहे, पण तिची झिप फाइलही त्याच डिस्कवर पडते. घराला कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं. स्टीमवरच्या काही गेम्सचं सेव्ह आपोआप क्लाउडवर जातं, सगळ्यांचं नाही. दोन मशीनवर खेळत असाल तर कधी स्टीम विचारतं, कुठलं सेव्ह ठेवू? तिथे घाईत बटण दाबू नका, तारीख-वेळ वाचा. चुकीचं निवडलं की नवीन सेव्हवर जुनं बसतं.

दुसरी भानगड लाइटची. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, तरी पावसात आमच्याकडे लाइट जायची ती जातेच. सेव्ह लिहिलं जात असताना मशीन बंद पडलं तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून रोज एकाच स्लॉटवर सेव्ह न करता आलटून-पालटून दोन स्लॉट वापरायचे. एक गेला तरी दुसरा राहतो. डेस्कटॉपला साधा यूपीएस लावला तरी गेम बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात.

आणि थोडं आपल्या मोठ्यांसाठी. मगरिबच्या वेळी हाक मारली की पोरगं म्हणतं, "पाच मिनिटं, सेव्ह करतो." आम्हाला ते बहाणा वाटायचं. काही गेम्समध्ये खरंच ठरलेल्या जागी पोचल्याशिवाय सेव्ह होत नाही. सॅन अँड्रियासमध्ये तर घरी जावं लागतं. आता आम्ही दहा मिनिटं आधीच सांगतो, भांडणं बरीच कमी झाली. (बहाणेही असतात, ते वेगळं.)

मशीन स्लो होण्यावर फॉरमॅट हा पहिला इलाज नव्हताच, हेही उशिरा कळलं. आमच्या पंख्यावर धुळीचा थर होता. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो आणि गेम अडकत चालतो. मशीन बंद करून, वायर काढून धूळ साफ केली तरी फरक पडतो. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका, खालची हवा बंद होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेमच्या सेटिंगमध्ये आधी सावल्या कमी करा, मग रिझोल्यूशन. 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 वर आलात की दर चित्राला वीस लाखांऐवजी सुमारे नऊ लाख ठिपके रंगवावे लागतात. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकली तर विंडोज आणि गेम लवकर उघडतात, पण खेळताना चित्र अडकत असेल तर ते दुखणं बहुधा ग्राफिक्सचं किंवा कमी रॅमचं असतं. पैसे खर्च करण्याआधी हे बघा.

भाच्याच्या दप्तरात एक पेनड्राइव्ह सापडला. आठ महिन्यांपूर्वी मंचरला मावसभावाला दाखवायला त्याने जगाचं फोल्डर त्यात नेलं होतं. बाजाराची गल्ली त्यात आहे. विहीर नाही, ती नंतर बांधली होती. ती नेमकी कुठे होती हे विचारायला तो आता घोडेगावच्या एका म्हाताऱ्या चाचांकडे जातो.